इनाम, किताब आणि गदा : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात व्यावसायिक कुस्तीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पैशासाठी लढणारा मल्ल आणि मानासाठी लढणारा मल्ल असा भेद पाश्चात्त्य क्रीडाविश्वाने एकोणिसाव्या शतकात केला. मुष्टियुद्धात तो सर्वाधिक कठोरपणे पाळला गेला. एकीकडे ऑलिम्पिकमध्ये उतरणारा हौशी मुष्टियोद्धा, तर दुसरीकडे करार, मानधन, तिकीटविक्री आणि जगज्जेतेपदाचा पट्टा यांच्याभोवती उभा असलेला व्यावसायिक मुष्टियोद्धा. दोघांचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या आणि वृत्तपत्रांतील रकानेही वेगळे. महाराष्ट्रातील कुस्तीत मात्र हा भेद कधीच पूर्णपणे रुजला नाही. जत्रेच्या फडात रोख इनामावर लढणारा पैलवान काही महिन्यांनी जिल्हा निवड चाचणीत उतरतो आणि तेथून राज्याच्या गदेसाठी लढतो. त्याला व्यावसायिक म्हणावे की हौशी, हा प्रश्न ना त्याला पडतो ना प्रेक्षकाला.

हा भेद न करण्याची किंमत मात्र कोणीतरी मोजत आला आहे. ती किंमत कोणी मोजली आणि २०२२ नंतर राज्याच्या सर्वोच्च किताबाबाबत जो पेच निर्माण झाला त्याचा तिच्याशी काय संबंध आहे, याचा शोध सोलापूर जिल्ह्याच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सोलापूरची निवड सोयीखातर केलेली नाही. या पेचात सापडलेल्या प्रमुख मल्लांपैकी तिघे याच जिल्ह्याचे आहेत.

राजाश्रय आणि इनामी कुस्ती

महाराष्ट्रातील इनामी कुस्तीचा आधुनिक इतिहास कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमची प्राचीन क्रीडागारे पाहून आल्यावर महाराजांनी त्या धर्तीवर मैदान उभारण्याचा संकल्प केला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान पूर्णत्वास गेले. मध्यभागी मातीचा हौदा आणि सभोवती उतरत जाणारी बैठक अशी रचना असल्याने हजारो प्रेक्षकांना कोणत्याही बाजूने कुस्ती दिसावी ही सोय झाली. या मैदानावर उत्तरेतील मल्लांना आमंत्रणे गेली. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत खासबागच्या प्रारंभीच्या इतिहासाशी कायमची जोडली गेली आहे.

हाच इमामबक्ष दोन वर्षांपूर्वी आपला भाऊ गामा याच्यासह लंडनला जाऊन आला होता. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील मैदानावर गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची लढत झाली. गामाचा जोर लक्षात येताच झ्बिस्कोने गादीला जे अंग टेकले ते अडीच तासांहून अधिक काळ उचलले नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने होणाऱ्या फेरलढतीस तो आलाच नाही आणि २५० पौंडांचे इनाम व 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. त्याच वर्षी ४ जुलै रोजी अमेरिकेतील रीनो येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याने जेम्स जेफ्रिज या माजी गौरवर्णीय विजेत्याला पराभूत केले होते. दोन्ही घटना एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्याच्याकडे पट्टा होता त्याच्याशी लढण्याची संधी मिळवणे हे प्रत्यक्ष लढण्याहून कठीण होते. जॉन्सनला ती १९०८ मध्ये सिडनीत मिळाली. गामाला पाश्चात्त्य जगातील नामवंतांनी ती बहुतांशी नाकारली. झ्बिस्को मात्र १९२८ मध्ये पतियाळाला आला आणि एका मिनिटाच्या आत चीत झाला.

संस्थानिकांच्या आश्रयाखालील पैलवान हा एका अर्थी पगारी व्यावसायिकच होता. खुराक दरबाराचा, वस्ताद दरबाराचा आणि विजयाची कीर्तीही दरबाराची. जोड कोणाशी लावायची हा निर्णय त्याचा नसे. परंतु हात मोडला, वय झाले तर निदान भाकरीची सोय असे. संस्थाने विलीन झाली आणि ही सोय संपली. पुढे आलेल्या व्यवस्थेने तिची जागा कधीच पूर्णपणे भरून काढली नाही. मुष्टियुद्धाच्या बाबतीत ही जागा प्रवर्तकाने घेतली होती. २ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटी येथे टेक्स रिकर्डने घडवून आणलेल्या डेम्प्सी-कार्पेंतिये लढतीचे तिकीट उत्पन्न प्रथमच दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. येथे आश्रयदात्याचे रूपांतर गुंतवणूकदारात झाले. महाराष्ट्रात ते झाले नाही. येथे आश्रयदात्याची जागा गावाने घेतली.

जत्रेचा फड : एक अलिखित बाजारपेठ

सोलापूर जिल्ह्यातील कुस्तीचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर स्पर्धांचे निकाल बाजूला ठेवून गावोगावच्या यात्रांकडे पाहावे लागते. ग्रामदैवताची यात्रा, पालखी, रात्री तमाशा अथवा भारूड आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड हा क्रम सोलापूर, सांगली, सातारा, धाराशिव या पट्ट्यात सर्वत्र आढळतो. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते. एखादा साखर कारखानदार, एखादा पुढारी वा मुंबई-पुण्यात नोकरीस गेलेला ग्रामस्थ एक नंबरची कुस्ती पुरस्कृत करतो. मग हस्तपत्रके छापली जातात. 'जंगी निकाली कुस्त्यांचे भव्य मैदान' असे मोठ्या अक्षरांत, त्याखाली दोन मल्लांची छायाचित्रे, मध्ये 'विरुद्ध', प्रत्येकाच्या नावाखाली त्याची तालीम, वस्ताद आणि किताब, शेवटी इनामाची रक्कम व देणाऱ्याचे नाव. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत आगामी मुष्टियुद्धाची जी जाहिरात येते तिची सर्व अंगे या एका कागदात सामावलेली असतात. समाजेतिहासाच्या अभ्यासकांनी या हस्तपत्रकांकडे साधन म्हणून अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब आहे. रद्दीत जाणारा हा कागद इनामाची पातळी, पुरस्कर्त्यांचे सामाजिक स्थान आणि मल्लांच्या प्रवासाची व्याप्ती एकाच वेळी सांगू शकतो.

फडाची सुरुवात लहान मुलांच्या नारळावरच्या व रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. हलगीचा कडकडाट सुरू असतो. हळूहळू रक्कम वाढत जाते. जोड ठरवताना वजनकाटा नसतो. वस्ताद दोन्ही पोरांच्या अंगाकडे पाहून, दंड चाचपून निर्णय देतो. मोठी कुस्ती सूर्यास्ताच्या सुमारास लागते. येथे गुण नसतात. पाठ मातीला लागली तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. म्हणूनच हस्तपत्रकावरील 'निकाली' या शब्दाला मोल आहे. ते कमिटीने प्रेक्षकाला दिलेले वचन असते. ते पाळले गेले नाही तर प्रेक्षक हौद्यात उतरायलाही कमी करत नाहीत.

या बाजारपेठेत मल्लाचा भाव त्याच्या नावामागील किताबावर ठरतो. 'महाराष्ट्र केसरी' हे दोन शब्द जोडले गेले की त्याला एक नंबरच्या कुस्तीचे आमंत्रण येते आणि पुढील काही वर्षे येत राहते. किताबाबरोबर मिळणारी गदा घरात राहते, परंतु दूध, बदाम, तूप आणि मांस यांचा रोजचा खर्च भागतो तो जत्रेतील इनामावर. म्हणजे किताब देणारी संस्था एक आणि त्या किताबाची किंमत मोजणारे दुसरेच, अशी ही रचना आहे. लेखी करार कोठेही नाही. इनाम हौद्याशेजारी हातात दिले जाते, हारलेल्याला ठरलेला वाटा मिळतो आणि जोड मोडली तर जो प्रवासखर्च झाला तो झाला.

सोलापूर शहराचे चित्र ग्रामीण भागापेक्षा काहीसे वेगळे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढील अर्धशतकात हे गिरणी कामगारांचे व विणकरांचे शहर बनले. पेठापेठांतील तालमी ही या शहराची ओळख. थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे आजही शहराच्या सार्वजनिक जीवनात वावरतात, मात्र बव्हंशी गणेशोत्सव व जयंती मिरवणुकांच्या संदर्भात. तालीम हा शब्द शहरात मंडळवाचक झाला आणि मल्ल खेड्यातून येऊ लागले. जिल्ह्याच्या नामवंत मल्लांची गावे पाहिली तर दक्षिण सोलापूरमधील बोरामणी, करमाळ्यातील खडकी, मोहोळ अशी नावे समोर येतात. शहरातील पेठांची नावे त्यांत सहसा सापडत नाहीत.

किताबाची स्थापना आणि बोरामणीचे घराणे

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लाभले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा सर्वपरिचित आहे. महाविद्यालयीन शिक्षकवर्गाने ती पुनःपुन्हा आठवावी अशीच आहे. मात्र तिची दुसरी बाजू कमी बोलली जाते. राजाश्रय संपला होता, शासनाची यंत्रणा उभी राहिलेली नव्हती आणि या पोकळीत एका प्राचार्याचे घर तारण म्हणून उभे राहिले. पुढील वर्षी, १९५३ मध्ये, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. मामासाहेब मोहोळ यांचे नाव या परिषदेशी अभिन्नपणे जोडलेले आहे.

१९६१ मध्ये औरंगाबाद येथे पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. सुरुवातीच्या काळात फडाचे तत्त्वच स्पर्धेतही टिकून होते. अंतिम लढत निकाली न झाल्याने किताब रिकामा राहिल्याची उदाहरणे साठच्या दशकात आढळतात. पुढे गुणपद्धती आली, गादी आली, आणि माती विभागाचा विजेता व गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत घेण्याची पद्धत रूढ झाली. ही तडजोड वरवर न्याय्य दिसते. परंतु मातीत वाढलेल्या मल्लाला अखेरची लढत गादीवर द्यावी लागते, हे विसरून चालत नाही.

सोलापूर जिल्ह्याने या किताबाचे यजमानपदही भूषवले. अकलूज येथे १९७६ मध्ये हिरामण बनकर, सोलापुरात १९८६ मध्ये गुलाब बर्डे आणि पुन्हा अकलूज येथे २०११ मध्ये नरसिंग यादव हे मानकरी ठरले. परंतु जिल्ह्याचे खरे योगदान हैदराबाद मार्गावरील बोरामणी या गावाचे. येथील शेख घराण्यातील इस्माईल शेख यांनी १९८० मध्ये खोपोली येथे, आप्पालाल शेख यांनी १९९२ मध्ये कोल्हापूर येथे आणि मुन्नालाल शेख यांनी २००२ मध्ये जालना येथे किताब पटकावला. एकाच घरात बावीस वर्षांत तीन गदा आल्या. कोरडवाहू शेतीच्या पट्ट्यातील एका कुटुंबाने तीन मल्लांचा खुराक कसा पेलला असेल, या प्रश्नाचे उत्तर जत्रेच्या फडाखेरीज अन्यत्र शोधणे व्यर्थ आहे.

पुढील काळात खडकीचा बाला रफिक शेख याने डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथेच अभिजित कटके याला पराभूत करून किताब मिळवला. तो मूळचा सोलापूर जिल्ह्याचा असला तरी स्पर्धेत बुलढाण्याकडून उतरला होता. एका जिल्ह्यातून निवड होणे अवघड असेल तर दुसऱ्या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करावे, ही पद्धत कुस्तीत नवी नाही. व्यावसायिक खेळाडूच्या स्थलांतराचेच हे एक रूप आहे, फक्त त्याला कोणी तसे नाव देत नाही.

एक किताब, दोन मानकरी

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत सोलापूर जिल्ह्याचेच दोन मल्ल समोरासमोर आले. एक मोहोळचा सिकंदर शेख, हमाली करणाऱ्या पित्याचा मुलगा, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला आणि जत्रेच्या फडात अफाट लोकप्रियता लाभलेला. दुसरा महेंद्र गायकवाड. महेंद्रच्या 'बाहेरची टांग' या डावाला पंचांनी दिलेल्या चार गुणांवरून मोठा वाद झाला. डाव पूर्ण बसला की नाही, पाठ धोकादायक स्थितीत गेली की नाही, याची चर्चा पुढे कित्येक आठवडे चावडीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चालू राहिली. महेंद्र अंतिम फेरीत गेला आणि तेथे शिवराज राक्षे विजयी झाला.

हा वाद केवळ चार गुणांचा नव्हता. फडातला प्रेक्षक पाठ लागली की नाही एवढेच पाहतो आणि तो निकाल त्याला स्वतःच्या डोळ्यांनी देता येतो. गुणांची कुस्ती हा अधिकार पंचांकडे सोपवते. सिकंदरच्या बाजूने उसळलेल्या भावनेत एका मल्लाबद्दलच्या सहानुभूतीइतकाच आपला निकाल देण्याचा हक्क गेल्याचा रोषही होता, असे म्हणावेसे वाटते.

दरम्यान, २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केल्यापासून संघटनात्मक वाद न्यायालयात पोहोचला होता. त्याचे फलित नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसले. एकाच महिन्यात दोन स्पर्धा झाल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर चीतपट केले, तर धाराशिव येथील स्पर्धेत त्याच शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरवर मात करून गदा उंचावली. २०२५ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली, तीही एकाच जिल्ह्यात. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला आणि मार्चअखेर कर्जत येथे सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून महाराष्ट्र केसरी हाच किताब मिळवला. अहिल्यानगरची स्पर्धा तर पंचांच्या निर्णयावरील संतापाने गाजली. गादी विभागाच्या अंतिम लढतीनंतर शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि अखेरच्या लढतीत महेंद्र गायकवाड काही सेकंद शिल्लक असताना गादी सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली.

मुष्टियुद्धाच्या इतिहासाशी परिचित असलेल्यास यात नवीन काही वाटणार नाही. तेथे वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने १९६२ मध्ये आपले सध्याचे नाव धारण केले, १९६३ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल निघाली, १९८३ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आणि १९८८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन. एका वजनगटात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने मोहम्मद अलीला हरवले. त्याने कौन्सिलने ठरवलेल्या केन नॉर्टनऐवजी अलीशीच फेरलढत पत्करली, तेव्हा कौन्सिलने त्याचा किताब काढून घेऊन नॉर्टनला बहाल केला. रिंगणात पाऊल न ठेवता एक मनुष्य जगज्जेता झाला. मुष्टियुद्धात मात्र या फाटाफुटीला काही प्रमाणात आवर घालणारी एक शक्ती होती. १९२२ पासून निघणाऱ्या 'द रिंग' या नियतकालिकासारखी प्रकाशने संघटनांच्या बाहेर राहून आपली क्रमवारी देत आणि खरा विजेता कोण याविषयी स्वतंत्र मत मांडत. मराठी वृत्तपत्रांनी कुस्तीवर उदंड लिहिले, परंतु त्यांचा भर वर्णनावर आणि गौरवावर राहिला. मल्लांच्या वर्षभराच्या लढतींची, जत्रेतील निकालांसह, स्वतंत्र नोंद ठेवण्याचे काम नियमितपणे झालेले नाही. सध्याच्या परिस्थितीत त्याची उणीव प्रकर्षाने जाणवते. सिकंदर शेख आणि शिवराज राक्षे या दोघांनीही एकाच महिन्यात गदा उंचावली. फुलगावला दोघे समोरासमोर लढले होते हे ज्याला ठाऊक आहे तो आपला निष्कर्ष काढेल. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी दोन्ही हस्तपत्रकांवर तेच दोन शब्द छापलेले असतील.

मल्लाचे हित

किताबाच्या दुभंगाची चर्चा संघटनांच्या वैधतेपुरती मर्यादित राहते. वस्तुतः पहिला परिणाम मल्लावर होतो. कोणत्या स्पर्धेत उतरावे हा निर्णय घेताना तो आपल्या पुढील नोकरीचाही निर्णय घेत असतो. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळा किताब मिळवणाऱ्या मल्लांना राज्य शासनाने पोलीस उपअधीक्षक पदावर घेतले. हे उदाहरण प्रत्येक तालमीतील पोराला पाठ आहे. जानेवारी २०२३ मध्ये शासनाने किताबधारकांच्या मानधनात वाढ जाहीर केली. किताब एकच होता तोवर हे सरळ होते. दोन झाल्यावर शासनाच्या दृष्टीने कोणता ग्राह्य, हा प्रश्न हौद्याबाहेर, कार्यालयातील टेबलावर सुटणार आणि तेथे मल्लाच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

मुष्टियुद्धाचा व्यवसाय निर्मळ आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही अमेरिकेत १९९६ च्या व्यावसायिक मुष्टियुद्ध सुरक्षा कायद्याने लढतीपूर्वी वैद्यकीय तपासणी, स्थळी डॉक्टर आणि मुष्टियोद्ध्याचा आरोग्य विमा बंधनकारक केला, आणि २००० मध्ये मोहम्मद अलींच्या नावाने झालेल्या कायद्याने प्रवर्तकाच्या करारांवर व क्रमवारीच्या पद्धतीवर मर्यादा घातल्या. हे शक्य झाले याचे कारण तेथे मुष्टियोद्धा हा व्यावसायिक आहे हे आधीच मान्य झालेले होते. जत्रेतील मल्लाला व्यावसायिक मानलेच गेले नसल्याने त्याच्यासाठी कायद्याचा विचारही झाला नाही. गुडघा सरकला, खांदा उखडला, मानेचा मणका दुखावला तर गावचा पुरस्कर्ता माणुसकीने काही देतो, कधी वस्ताद वर्गणी काढतो. ही माणुसकी खोटी नाही. तथापि ती हक्क म्हणून मागता येत नाही.

यात्रा कमिट्यांना यासाठी मोठा खर्च येणार नाही. एक नंबरच्या कुस्तीचे इनाम ठरवताना त्याच कागदावर दोन्ही मल्लांच्या सह्या, हारणाऱ्याचा वाटा, त्या दिवसापुरता अपघात विमा आणि मैदानावर उपस्थित राहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव एवढे लिहिले तरी पुरे. ज्या कमिट्या हलगीवाल्यांची आणि मंडपाची सुपारी लेखी देतात, त्यांना पैलवानाची लेखी देणे अवघड नाही.